नोंद कुणाची

माझ्या कामाची घडण दोन माणसांनी केली. एक अलिबागजवळ आमच्या चेंढऱ्याच्या घरापलीकडे राहणारे तात्या. दुसरा जर्मनीतला. त्याला मी कधी पाहिलेलं नाही, त्याचा आवाजही ऐकलेला नाही. या दोघांना एकमेकांचा पत्ताही नव्हता, पण दोघांनी मला एकच गोष्ट शिकवली. एआयची साधनं माझ्या रोजच्या कामात शिरली तेव्हापासून या दोघांचं देणं मला फार जाणवू लागलं आहे.

तात्या अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत होते. किल्ला बघायला येणाऱ्या पर्यटकांना या वेधशाळेची खबरही नसते, पण अलिबागकराला तिचा अभिमान असतो. मुंबईच्या कुलाब्याची वेधशाळा 1826 सालची. तिथे 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत. मग मुंबईच्या ट्राम विजेवर चालवायचं ठरलं. त्या विजेने उपकरणं बिघडणार हे ओळखून तिथले संचालक डॉ. मूस यांनी ही मापनं अलिबागला हलवली. इमारत पोरबंदरी दगडात बांधली, लोखंड टाळून. आणि एप्रिल 1904 पासून मार्च 1906 पर्यंत, पूर्ण दोन वर्षं, कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी मापन केलं, म्हणजे जुन्या आकड्यांची नव्यांशी सांगड बसेल. हा भाग तात्या असा सांगत, जणू ते स्वतः तिथे हजर होते.

मी शाळेत असताना ते मला ओटीवर बसवून आलेख वाचायला लावत. चुंबकाला जोडलेल्या आरशावरून प्रकाशाची तिरीप फिरत्या फोटोच्या कागदावर पडायची आणि दिवसभराची एक नागमोडी रेघ उमटायची. त्या रेघेवर पट्टी ठेवून तासातासाचा आकडा काढायचा. त्यांच्याकडे रद्दी झालेली एक प्रत होती. डोळे बारीक करून, पट्टी अगदी सरळ धरून ते आकडा सांगत आणि मी वहीत उतरवत असे. ओळीच्या शेवटी दोन घरं असत: वाचलं कोणी, तपासलं कोणी. मी ती घरं रिकामी सोडली की ते वही परत सरकवायचे. म्हणायचे, "बाळ, आकडा चुकला तर दुरुस्त करता येतो. पण आकडा कोणी घेतला तेच ठाऊक नसेल, तर विचारायचं कोणाला?"

पुढे मी संगणकाच्या धंद्यात पडले. त्या काळी गावातल्या एका वाचनालयाची सभासद यादी संगणकावर घेऊन द्यायचं काम माझ्याकडे आलं. नावं भरली, यादी लावली, आणि क्षीरसागर आडनावाचे सभासद थेट क मध्ये जाऊन बसले. वाचनालयातल्या बाई त्यांना यादीच्या शेवटी, ह आणि ळ च्याही पुढे शोधत होत्या. बाईंचं बरोबर होतं. शाळेच्या तक्त्यावर क्ष आणि ज्ञ शेवटीच असतात. चूक मी वापरत असलेल्या एका खुल्या सॉफ्टवेअरमध्ये होती. ते सांभाळणारा माणूस जर्मनीत. मी दुरुस्ती केली, पण ती पाठवताना त्याला चार ओळी इंग्रजीत लिहायला माझी अख्खी संध्याकाळ गेली.

त्याला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. तरी त्याने माझी दुरुस्ती ओळ न् ओळ वाचली आणि प्रश्न पाठवले. हा क्रम कोणी ठरवला? कोशात कसा आहे? कोणी वेगळा क्रम मागितला तर? मी वाचनालयात जाऊन कोश काढून बसले आणि दोन्ही रीती सापडल्या: काही ठिकाणी क्ष हा क च्या पोटात, काही ठिकाणी शेवटी. तसं त्याला कळवलं. त्याने लिहिलं, मग यादीत नाव शोधणारी बाई कुठे बघते ते महत्त्वाचं. पत्रं येत राहिली, जात राहिली. शेवटी माझा बदल त्याने घेतला. बदलाखाली माझं नाव, तपासणारा म्हणून त्याचं नाव, आणि कारण म्हणून क्षीरसागर आणि ज्ञानेश्वर ही दोन नावं उदाहरणादाखल. तात्यांना मी ते पडद्यावर दाखवलं तेव्हा त्यांनी आधी ती दोन नावं वाचली, मग बाकीचं.

या माणसाने माझ्यासाठी जो वेळ घालवला त्याचा त्याला एक पैसाही मिळाला नाही. कुठल्याशा किनाऱ्यावरच्या कुठल्याशा मुलीला त्याने गंभीरपणे घेतलं. मला वाटतं, खुल्या सॉफ्टवेअरचं सगळं जग अशाच न फिटणाऱ्या देण्यावर उभं राहिलं.

2021 मध्ये कोड लिहून देणारा गिटहबचा कोपायलट आला, 2022 च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी आलं, आणि माझ्या कामाची रीत पालटली. चांगलं काय झालं ते आधी सांगते, कारण ते खरोखर मोठं आहे. पोयनाडला माझ्या मावसबहिणीची मुलगी शिकते. तिला इंग्रजी वाचताना धाप लागते. ती मराठीत विचारते, "हा लूप थांबत का नाही?" आणि तिला मराठीत समजावून मिळतं, रात्री अकरा वाजता, कोणी हसण्याची भीती न बाळगता. माझ्या वेळी ही सोय असती तर त्या चार ओळींसाठी संध्याकाळ गेली नसती. इंग्रजी येत नाही म्हणून दाराबाहेर राहिलेली किती मुलं मी पाहिली आहेत. त्यांना आता आत येता येतंय याचा मला मनापासून आनंद आहे.

पण मागच्या वर्षी एक गोष्ट घडली. मीही अशाच एका साधनाला मराठी वर्णक्रमाबद्दल विचारलं. उत्तर नेटकं आलं. आधी शाळेचा तक्ता, मग कोशांतल्या दोन रीती, मग यादीत शोधणाऱ्याची सोय, आणि उदाहरणाला क्षीरसागर आणि ज्ञानेश्वर. मी खुर्चीत सरळ झाले. हा युक्तिवाद त्या जर्मन माणसाचा होता, तीच पायरी, तोच क्रम. नावं आमच्या वाचनालयातली. वाचलं कोणी, तपासलं कोणी, ही दोन्ही घरं मात्र कोरी. माझं नाव नसण्याचं मला फारसं काही वाटलं नाही. त्याचं नसणं लागलं.

या साधनांचं शहाणपण आलं कुठून? लोकांनी एकमेकांना दिलेल्या उत्तरांतून. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर 2008 पासून अनोळखी माणसं अनोळखी माणसांच्या अडचणी सोडवत आली. चॅटजीपीटी आल्यानंतर तिथे नवे प्रश्न झपाट्याने कमी झाले. प्रश्नच नाही, तर उत्तर कोण लिहिणार, आणि पुढचं यंत्र शिकणार कशावर? दुसरीकडे सांभाळणाऱ्यांच्या माथी भलताच भार आला आहे. कर्ल हे सॉफ्टवेअर अक्षरशः घराघरातल्या यंत्रांत चालतं. ते सांभाळणारे डॅनियल स्टेनबर्ग यांनी दोष शोधणाऱ्यांना बक्षीस देण्याची योजना जानेवारी 2026 मध्ये बंद केली. यंत्राकडून लिहून घेतलेल्या, दिसायला भारदस्त आणि आत काहीच नसलेल्या तक्रारी वाचण्यात त्यांची माणसं थकून गेली होती. लिहिणाऱ्याचा मिनिटही जात नाही, वाचणाऱ्याचा दिवस जातो. माझ्या मते हा अन्याय आहे.

उत्तर कोणाचं ते न कळणं रोजच्या वापरातही दिसतं. माझी नागावची मावशी पर्यटकांना दोन खोल्या देते. मध्यंतरी एका पाहुण्याने अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जायची वेळ फोनला विचारली. फोनने साडेबारा सांगितली. मावशी म्हणाली, "आज चतुर्थी. तिथीची पाऊणपट करा, तीनला भरती. साडेबाराला पाणी चढत असेल. नऊला तिथे पोचा." हा हिशेब तिला तिच्या वडिलांकडून मिळाला, त्यांना कोळीवाड्यातून. चुकला तर पाहुणा संध्याकाळी तिच्याच दारात उभा राहणार, हे तिला माहीत असतं. पूर्वी फोनवर शोधलं की निदान दहा ठिकाणं दिसत. हे हॉटेलवाल्याचं, हे सरकारी, हे कोणा भटक्याचं, असं पारखून घेता येई. आता वर एक तयार परिच्छेद येतो आणि बोट तिथेच थांबतं.

खुल्या सॉफ्टवेअरवाल्यांनी यावर विचार केला आहे. जेंटू या लिनक्स प्रणालीने एप्रिल 2024 मध्ये यंत्राने लिहिलेला कोड घ्यायचाच नाही असं ठरवलं. फेडोरा या दुसऱ्या लिनक्स प्रणालीने ऑक्टोबर 2025 मध्ये वेगळी वाट धरली: साधन वापरा, पण सांगा, आणि जबाबदारी तुमचीच. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, 2004 पासून प्रत्येक बदलाखाली पाठवणाऱ्याची सही लागते. ती सही यंत्राने करायची नाही, माणसानेच करायची, असा नियम आता तिथे आहे. मला फेडोराची आणि कर्नलची वाट पटते. बंदी घातली तर पोयनाडची मुलगी पुन्हा दाराबाहेर जाईल.

वाचनालयाच्या त्या यादीचं सॉफ्टवेअर आता मी खुलं ठेवलं आहे. या पावसाळ्यात रेवदंड्याच्या एका मुलाने त्यात बदल पाठवला. यादी लावण्याचा जुना भाग काढून नवा घातला होता. वर्णन सफाईदार, सगळ्या चाचण्या पास. मी विचारलं, "ळ कुठे धरलास?" त्याने सरळ सांगितलं, "ताई, ते साधनाने लिहिलंय, मी बघितलं नाही." मी म्हटलं, लिहू दे की त्याने. तू वाचनालयात जा, जुनं हाती लिहिलेलं रजिस्टर उघड आणि ताडून बघ.

तो एसटीने आला आणि दुपारभर रजिस्टर घेऊन बसला. संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज चढलेला. "ताई, रजिस्टरमध्ये आधी कासार आहेत, मग काळे. आपल्या यादीत काळे आधी येतायत." ळ हा ल च्या लगेच पुढे धरला गेला होता. युनिकोडच्या तक्त्यात तो तिथेच आहे म्हणून. मराठीत तो ह च्या नंतर. चाचणीत असं एकही नाव नव्हतं, म्हणून सगळं हिरवं दिसत होतं. त्याने दुरुस्ती केली, कासार आणि काळे चाचणीत घातले, कुठलं साधन वापरलं ते लिहिलं, आणि खाली स्वतःचं नाव घातलं. तपासणारी म्हणून मी माझं घातलं.

आता तो विचारतोय, एकाच नावाचे दोन सभासद असले तर वडिलांच्या नावावरून लावायचे की सभासद क्रमांकावरून. मी त्याला वाचनालयातल्या बाईंकडे पाठवलं आहे.