आधी स्टूल, मग ड्रम

ड्रम सेट लावायला सांगितलं की पोरं आधी बेस ड्रम मधोमध मांडतात. दिसायला तोच मोठा. मग साइड, टॉम, झांजा, आणि राहिलेल्या फटीत वाजवणारा. ही उलटी गंगा आहे. आधी मोकळ्या जागेत नुसतं स्टूल ठेवावं आणि त्यावर बसावं. पाय सहज पडतील तिथे उजव्याखाली बेसचं पेडल, डाव्याखाली हाय-हॅटची जोडझांज, आणि मांड्यांच्या मधे साइड ड्रम. बेस ड्रम थोडा तिरका आला तर येऊ दे. तो पायाच्या रेषेत हवा, प्रेक्षकांच्या नाही.

⁂

साखरशेत गावाकडच्या लग्नसराईत बेंजो पार्टीचं सामान पिकअपमधून उतरतं. रोटो (लहान ड्रम) आणि इलेक्ट्रॉनिक पॅडवाला उभ्यानेच वाजवतो. ड्रम सेट असला तर त्याच्यामागे मांडवातली प्लास्टिकची खुर्ची येते. ही खुर्ची जरा नीट बघा. बैठक मागे उतरती, म्हणजे कंबर मागे कलंडते आणि पाठीला पोक येतं. दोन्ही बाजूंना हात, त्यांवर कोपरं आपटतात. उंची जेवायला बरोबर, ड्रमला कमी. उंच पोराचे गुडघे कमरेच्या वर जातात आणि दर ठोक्याला तो मांडी उचलत बसतो. दोन तासांनी त्याचा हात कंबरेवर जातो आणि तो म्हणतो, वय झालं. वय असतं एकोणीस.

⁂

मापं थोडीच आहेत. गुडघा कमरेपेक्षा किंचित खाली, मांडीला पुढे हलका उतार. साइड ड्रमचं कडं मांडीपेक्षा दोन-तीन बोटं वर, नाहीतर काठी मांडीवर बसते. हाय-हॅट साइडपेक्षा साधारण वीतभर उंच, म्हणजे खालून डावा हात मोकळा फिरतो. झांज वाजवताना खांदा कानाकडे चढला तर झांज उंच आहे, स्टँड खाली घ्या. टॉम फार कलते ठेवू नयेत. काठी कातड्यात टोकाने रुतते आणि मनगटाला झटका बसतो.

⁂

एवढं बसण्याचं कौतुक का? पूर्वी वादक बेस ड्रमवर काठी मारून तीच काठी लगोलग साइड ड्रमवर आणत. शिकागोत ड्रम बनवणाऱ्या लुडविग यांनी १९०९ मध्ये चपळ पेडल काढलं आणि बेस ड्रम पायाकडे गेला. पुढे १९२० च्या दशकात हाय-हॅट आली, दुसरा पायही कामाला लागला. दोन्ही पाय हलते म्हटल्यावर त्यांच्यावर शरीराचा भार टाकता येत नाही. सगळं वजन बैठकीच्या दोन हाडांवर येतं. म्हणून स्टूल हलतं असेल तर पाठ सतत तोल सावरत राहते, आणि ताल ढिला पडतो तो तिथून.

⁂

आपल्याकडच्या जुन्या वाद्यांना हे कोडं पडलंच नाही. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात, म्हणजे सोंगांच्या उत्सवात, संबळवाला रात्रभर उभा असतो. सोंगं पुढे-मागे नाचतात, तोही त्यांच्याबरोबर सरकतो. संबळ कमरेला बांधलेला, एक काठी सरळ, एक टोकाला वळलेली. वाद्य त्याच्या अंगावरच असतं, त्यामुळे तो वळला की संबळ वळतो. उंची ठरते दोरीच्या गाठीने, आणि ती गाठ ज्याची त्यानेच मारायची असते. बांधताना बघावं. दोरी ओढायची, दोन टिचक्या मारायच्या, पुन्हा सैल करायची. रात्र निभावेल अशी गाठ बसेपर्यंत संबळवाला कुणाशी बोलत नाही.

ड्रम सेट मात्र दुसऱ्याच कुणाच्या तरी मापाचा असतानाही आपण त्याच्यामागे निमूट बसतो.

⁂

डावी काठी तळहात वर करून धरायची पद्धत लष्करी बँडमधून आली. गळ्यातला ड्रम एका बाजूला कलायचा, म्हणून हात तसा वळवावा लागे. ड्रम स्टँडवर सपाट ठेवल्यावर ती सक्ती संपली. आवड म्हणून धरा. खानदानी दिसतं म्हणून मनगट दुखवू नका.

⁂

पाड्यावरची अंगणं सारवलेली आणि उतरती. इथल्या पावसात दुसरा उपाय नाही. त्या उतारावर स्टूल ठेवलं की एक कुल्ला खाली, एक वर. आधी फळी टाकून सपाटी करावी. तिच्यावर गोणपाट किंवा सतरंजी, आणि बेस ड्रमचे पुढचे अणकुचीदार पाय तिच्यात रोवलेले, नाहीतर बेस पुढे सरकतो आणि त्याच्यामागे वादकाचा पाय.

⁂

ड्रमवादक फिल कॉलिन्सच्या मानेचे मणके जेनेसिस बँडच्या २००७ च्या दौऱ्यात सरकले. २००९ मध्ये शस्त्रक्रिया झाली, तरी हातात काठी नीट धरता येईना. दोष एकट्या स्टूलावर ढकलता येणार नाही, पण मान आणि हात किती जवळचे नातेवाईक आहेत ते कळतं. डेफ लेपर्ड बँडचा ड्रमवादक रिक ॲलन याचा डावा हात ३१ डिसेंबर १९८४ च्या अपघातात गेला. त्याने डाव्या हाताचे ठोके पायाच्या पेडलांवर नेले आणि वादन चालू ठेवलं. अख्खा सेट एका शरीराभोवती नव्याने रचता येतो. मग आपल्याला हाय-हॅटचा स्क्रू दोन बोटं खाली घ्यायला कसली लाज?

⁂

एकाच सेटवर दोघे-तिघे वाजवत असतील तर प्रत्येकाच्या रंगाची चिकटपट्टी ठेवा. स्टँडच्या नळीवर एक खूण, सतरंजीवर एक. बदलायला दोन मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात नवरदेव कुठे पळून जात नाही.

⁂

पार्टीच्या मालकांना विनंती: पुढच्या हंगामात नवे लाइट घेण्याआधी वर-खाली होणारं, बिनहाताचं एक स्टूल घ्या. ते येईपर्यंत शिंप्याचं गोल स्टूल चालेल. प्लास्टिकची खुर्ची वऱ्हाड्यांना द्या.