फ्लीट बांधू की आर्मी?

'डिप्लोमसी'त फासे नाहीत, पत्ते नाहीत, नशिबाला दोष द्यायची सोय नाही. ॲलन कॅलहॅमर या अमेरिकन माणसाने हा खेळ 1954 साली रचला, 1959 मध्ये स्वतःच 500 प्रती काढून विकला, आणि पुढे पोटासाठी घरोघर टपाल वाटलं. पटावर 1901 चा युरोप, सात सत्ता आणि दोनच प्रकारच्या सोंगट्या: आर्मी आणि फ्लीट. दोघींची ताकद अगदी सारखी.

जमीन आणि समुद्र यांचा तोल बरेच युद्धखेळ किमतीने साधतात. 'ॲक्सिस अँड अलाइज'मध्ये पायदळाची तुकडी 3 ला मिळते, नव्या आवृत्त्यांत युद्धनौकेला 20 मोजावे लागतात. परवडत नसेल तर घेऊ नका, विषय संपला. कॅलहॅमरने किमतीला हातच लावला नाही. एका पुरवठा केंद्रामागे एक सोंगटी, कोणती ते तुमचं तुम्ही ठरवा. त्याने तोल नकाशात दडवला. 75 प्रदेशांपैकी 19 समुद्र आहेत आणि त्या 19 पैकी एकातही केंद्र नाही. 34 च्या 34 केंद्रं जमिनीवर. भर समुद्रात उभी असलेली फ्लीट स्वतः दमडी कमावत नाही.

मग ती बांधायचीच कशाला? नॉर्थ सी पाहा. तिथे उभ्या असलेल्या एका फ्लीटला नॉर्वे, डेन्मार्क, हॉलंड, बेल्जियम, लंडन आणि एडिनबरा अशी सहा केंद्रं लागून आहेत. यांपैकी कुठेही ती चाल करू शकते, दुसऱ्याच्या चालीला सपोर्ट देऊ शकते, किंवा आर्मीला कॉन्व्हॉय करून पलीकडे उतरवू शकते. म्युनिकमध्ये बसलेल्या आर्मीला मात्र शेजारची दोनच केंद्रं मिळतात, कील आणि बर्लिन. ताकद सारखी, हात किती लांब पोचतो यात फरक. पण फ्लीट एका हंगामात एकच काम करते. आर्मी वाहून नेत असेल तर सपोर्ट नाही, आणि वाटेत तीच हुसकली गेली तर कॉन्व्हॉयही बुडाला.

इंग्लंडचं म्हणूनच अवघड आहे. लंडन, लिव्हरपूल, एडिनबरा ही घरची तिन्ही केंद्रं बेटावर, त्यामुळे बांधलेली प्रत्येक आर्मी फ्लीटच्या पाठीवर बसूनच बाहेर पडणार. साहजिकच नवखा खेळाडू फ्लीटमागून फ्लीट बांधत सुटतो, आणि सुरुवातीला त्याचं छान चालतंही. घरची तीन, नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, हॉलंड, बेल्जियम, ब्रेस्ट, स्पेन, पोर्तुगाल, कील, बर्लिन, सेंट पीटर्सबर्ग: मोजा, 14 झाली. जिंकायला 18 लागतात. उरलेली चार पॅरिस, म्युनिक, वॉर्सा आणि मॉस्को इथून आणायची म्हटली, तर तिथे फ्लीट पाऊलही ठेवू शकत नाही. नाहीतर जिब्राल्टर ओलांडून भूमध्य समुद्रात शिरायचं, जिथे तोवर इटली किंवा तुर्कस्तानने दार लावून घेतलेलं असतं. फ्लीटची आर्मी करता येत नाही. ती मोडून नवी बांधायची तर वर्ष जातं, आणि मोडायची वेळ बहुधा केंद्र गमावल्यावरच येते.

म्हणून नॉर्वे फ्लीटने घ्यावं की कॉन्व्हॉय करून आर्मीने, या पहिल्याच वर्षीच्या प्रश्नावर मी ठाम आहे: आर्मीने. नॉर्वेतली आर्मी फिनलंडमार्गे रशियाच्या अंगावर जाऊ शकते. फ्लीटला नॉर्वेतून फिनलंडला जायला किनाराच नाही. रशियाशी पक्का तह असेल तर गोष्ट वेगळी. पण पक्का तह या खेळात मी फार पाहिलेला नाही.

हिवाळ्यातलं बांधकाम सगळ्यांना दिसतं, आणि खरी गंमत तिथे आहे. दोन हंगाम गोड बोलून पेरलेला विश्वास एका सोंगटीने उपटता येतो. रशियाशी दोस्ती असलेल्या तुर्कस्तानने स्मर्नात फ्लीट बांधली तर तिचा अर्थ 'मी पश्चिमेला निघालो'. तीच अंकारात बांधली की रशियाचा खेळाडू मान वर न करता सेवास्तोपोलकडे आर्मी वळवतो. फ्रान्सने ब्रेस्टला फ्लीट उतरवली तर इंग्लंडची झोप उडते, मार्सेला उतरवली तर इटलीची. ऑस्ट्रियाला हा घोर नाही. त्याच्याकडे फ्लीट बांधण्याजोगं घरचं केंद्र एकच, ट्रिएस्ट; तिथली पहिली फ्लीट अल्बानियामार्गे ग्रीसच्या कामी आली की पुढे तो जमिनीवरच जगतो.

आमच्या गटात नवीन येणाऱ्याला मी डावपेच सांगत नाही. पहिल्या हिवाळ्याआधी कागदावर आपली 18 केंद्रं लिहून काढ एवढंच सांगतो. त्यातली किती किनाऱ्यावरची नाहीत ते मोज, आणि मगच सोंगटीला हात लाव. तुम्हीही लिहून बघा.