वासाचा गुलाब आणि आपलं नाक

गुलाबाचा वास तुम्ही शेवटचा कधी घेतलात? फुलाचा फोटो काढला असेल, ते देवाला वाहिलं असेल, कुणाला भेट दिलं असेल. पण फूल नाकाशी धरून, घाई न करता वास घेतल्याचं आठवतंय का?

आणि घेतलाच असेल, तर बहुतेक फसगत झाली असेल. फुलवाल्याकडे मिळणारा लांब दांड्याचा गुलाब दिसतो छान, पण त्याला वास नसतो. आपल्याकडे तळेगाव-मावळ भागातल्या पॉलिहाऊसमधून असे गुलाब देशभर जातात, परदेशीही जातात. प्रवासात टिकावेत, फुलदाणीत आठवडाभर ताजे राहावेत, म्हणून हे वाण निवडले जातात. या निवडीत वास मागे पडला. 2015 साली फ्रेंच शास्त्रज्ञांनी वासाचे आणि बिनवासाचे गुलाब शेजारी ठेवून तपासले. गुलाबाच्या वासातले काही महत्त्वाचे घटक तयार करायला मदत करणारं एक विकर वासाच्या गुलाबाच्या पाकळ्यांत भरपूर काम करताना दिसलं आणि बिनवासाच्या गुलाबात ते जवळजवळ झोपलेलं होतं. म्हणजे दोष दर वेळी तुमच्या नाकाचा नसतो.

पण कधीकधी तो नाकाचाच असतो, आणि तेच सांगण्यासाठी हा लेख आहे.

डोळ्यांना कमी दिसू लागलं की आपण लगेच चष्मा करतो. ऐकू येईनासं झालं की निदान घरचे तरी कटकट करतात. वास जातो तेव्हा मात्र कुणालाच कळत नाही, बऱ्याचदा त्या माणसालाही नाही. माझ्याकडे येणारे रुग्ण ‘वास येत नाही’ असं क्वचितच म्हणतात. ‘जेवणाला चव लागत नाही’, ‘दूध उतू जाऊन करपलं तरी कळलं नाही’, ‘सून म्हणते, भाजी आंबली होती आणि तुम्ही खाल्लीत कशी?’ अशा तक्रारी असतात. आपण ज्याला चव म्हणतो, तिचा मोठा भाग खरं तर वासच असतो. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू असे मोजके प्रकार कळतात. आमटीतली फोडणी नाकाला कळते.

यात धोकाही आहे. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन नावाचं उग्र वासाचं द्रव्य मिसळलेलं असतं. ज्याचं नाक काम करत नाही, त्याच्यासाठी ही सगळी व्यवस्था फुकट. घरात एकटे राहणारे ज्येष्ठ नागरिक असतील, तर हा मुद्दा नीट लक्षात घ्या.

‘पण डॉक्टर, मला बामचा वास येतो की!’ हे मी नेहमी ऐकतो. बाम, कापूर, अमोनिया यांची झणझण आपल्याला जाणवते ती बरीचशी चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या वेगळ्या मज्जातंतूमुळे. वासाचा मज्जातंतू पार निकामी झाला तरी बामचा गारवा नाकात लागतो. म्हणून बामवरून नाकाची परीक्षा करू नका. गुलाबाचं तसं नाही. त्याच्या वासातलं एक मुख्य द्रव्य, फिनाइल इथाइल अल्कोहोल, नाकाला अजिबात झोंबत नाही. ते कळलं तर केवळ वासाच्या मज्जातंतूमुळेच कळतं. नाकाच्या तपासणीत हेच द्रव्य वापरतात ते यासाठी. म्हणून गॅलरीतला वासाचा गुलाब ही रोजची साधी, आनंदाची तपासणी ठरते.

आणि व्यायामही. वास ओळखणाऱ्या पेशी नाकात अगदी वर असतात, आणि त्या आयुष्यभर पुन्हा पुन्हा नव्याने तयार होतात. मज्जासंस्थेत हे फार थोड्या ठिकाणी घडतं. 2009 साली जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल आणि सहकाऱ्यांनी वास गेलेल्या रुग्णांना गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास दिवसातून दोनदा, 12 आठवडे घ्यायला लावले. व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा त्यांच्यात जास्त सुधारणा दिसली. कोविडनंतर ही पद्धत जगभर वापरली गेली. पद्धत सोपी आहे. प्रत्येक वास 15-20 सेकंद, हलके हलके हुंगत घ्यायचा, मध्ये थोडं थांबायचं आणि तो वास मनात आठवायचा. जोरात श्वास ओढायचा नाही. गुण यायला महिने लागतात, आणि प्रत्येकाला पूर्ण गुण येईलच असं नाही. मधल्या काळात गुलाबाला जळका किंवा घाणेरडा वास येऊ लागला, तर घाबरू नका. मज्जातंतू नव्याने जुळताना असं होतं.

आता गुलाब कुठला लावायचा? नर्सरीत जाताना रंग नंतर बघा, आधी वास विचारा. फुललेलं फूल हुंगूनच रोप घ्या. ‘डबल डिलाइट’, ‘मिस्टर लिंकन’, ‘क्रिमसन ग्लोरी’, ‘पापा मेयां’ हे खात्रीचे वासाचे वाण. पण पहिल्यांदाच लावत असाल तर माझी पसंती आपल्या गावठी गुलाबी गुलाबाला. फूल छोटं, पाकळ्या एका दिवसात गळतात, पण वास घरभर. मुंबई-कोकणाच्या दमट हवेतही तो तग धरतो आणि फांदी लावूनही येतो.

कुंडी किमान 12 इंचांची हवी, तळाला भोकं हवीत. माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू घाला. पाच-सहा तास ऊन हवं, शक्यतो सकाळचं. पाणी मुळाशी घाला, पानांवर नको; ओल्या पानांवर काळे ठिपके लवकर पडतात. कलम केलेल्या रोपाला सांध्याच्या खालून फुटवे आले तर ते काढून टाका, कारण ते रानगुलाबाचे असतात. पाऊस सरला की ऑक्टोबरमध्ये छाटणी करा, बाहेरच्या बाजूला वळलेल्या डोळ्याच्या किंचित वर, तिरका काप देऊन. दीड-दोन महिन्यांत झाड कळ्यांनी भरतं. मावा पडला तर एक लिटर पाण्यात 5 मिलि कडुनिंबाचं तेल आणि साबणाच्या पाण्याचे काही थेंब घालून संध्याकाळी फवारा.

वास घ्यायची वेळ सकाळची, ऊन चढण्याआधी, अर्ध्या उमललेल्या फुलाचा. दुपारपर्यंत सुगंधाची बरीचशी द्रव्यं उडून जातात.

डॉक्टर म्हणून काही सूचना. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साठू देऊ नका. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठ-दहा दिवसांत तयार होतो, म्हणून आठवड्यातून एकदा ताटली घासून कोरडी करा. काट्यांसाठी हातमोजे घाला. धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर घेतलेलं असू द्या. काटा लागल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तिथे न दुखणारी गाठ आली आणि हातावर वर सरकत गाठींची माळ झाली, तर दाखवा. तो बुरशीचा संसर्ग असू शकतो. मधुमेह असेल तर साधी जखमही अंगावर काढू नका. गुलकंद करायचा तर घरच्या, रसायन न मारलेल्या पाकळ्यांचाच. फुलवाल्याकडचे गुलाब खाण्यासाठी नसतातच. आणि गुलकंदात निम्मी साखर असते, हे मधुमेहींनी विसरू नये.

सर्दी नसताना दोन आठवड्यांहून जास्त वास येत नसेल, एकाच नाकपुडीचा वास गेला असेल, नाकातून रक्त येत असेल, किंवा डोक्याला मार लागल्यानंतर वास गेला असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. ज्येष्ठांमध्ये वास हळूहळू कमी होणं बऱ्याच वेळा वयामुळे असतं, पण सोबत हालचाली मंदावल्या, अक्षर बारीक झालं किंवा हात थरथरू लागला, तर पार्किन्सनचीही तपासणी व्हायला हवी. अनेकदा कारण साधं असतं. नाकातली सूज किंवा कोंब असेल, तर त्यावर उपचार आहेत.

वास मेंदूत आठवणी आणि भावनांच्या जागांशी अगदी जवळून जोडलेला आहे. म्हणूनच हळदीकुंकवाच्या गुलाबपाण्याचा एक थेंब तुम्हाला क्षणात आजोळी नेतो. वास गेलेले माझे रुग्ण उदास दिसतात, त्यात नवल नाही. त्यांची आजोळची वाट बंद झालेली असते.

तेव्हा या ऑक्टोबरात एक कुंडी आणा. रोज सकाळी चहाच्या आधी घरातल्या सगळ्यांनी, विशेषतः आजी-आजोबांनी, एकेकदा गुलाब हुंगावा. कुणी म्हणालं, ‘आज फुलाला वासच नाही,’ तर बाकीच्यांना विचारा. इतरांना वास येत असेल, तर फुलाला बोल लावू नका. त्या माणसाला घेऊन दवाखान्यात या.