कळ आणि काच

मराठीत ‘काच’ हा शब्द दोन लिंगांत नांदतो. ती काच खिडकीची, चष्म्याची, बांगडीची. तो काच दोरीचा मनगटाला होणारा, किंवा जुन्या कथा-कादंबऱ्यांतील सुनांना सासरी सोसावा लागणारा. शब्दकोशात हे दोघे शेजारी राहतात आणि एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. मात्र अलीकडे इमारतींमधून जी एक नवी काच दिसू लागली आहे, तिच्यासमोर काही दिवस बसून काढावे लागल्यापासून मला हे शेजारी तितकेसे परके वाटत नाहीत.

कळ दाबताच आरपार दिसणारी काच दुधासारखी पांढरी व्हावी आणि पुन्हा दाबताच निवळावी, अशी ही वस्तू. कंपन्यांच्या बैठकीच्या खोल्यांत, महागड्या हॉटेलांच्या न्हाणीघरांत, रुग्णालयांत ती बसवलेली असते. विकणारे तिला ‘स्मार्ट ग्लास’ म्हणतात. तिची हुशारी कशात आहे हे पाहायचे तर १८८८ सालापर्यंत मागे जावे लागते. प्रागमध्ये काम करणारा वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिख राइनिट्झर गाजरातून मिळवलेल्या कोलेस्टेरॉलचे एक संयुग तापवत होता. १४५.५ अंश सेल्सिअसला ते वितळले, पण वितळूनही गढूळच राहिले, १७८.५ अंशांवर तो गढूळपणा एकाएकी नाहीसा झाला. एकाच पदार्थाला दोन द्रवणांक कसे, हा त्याला पडलेला प्रश्न ओटो लेमान या भौतिकशास्त्रज्ञाने पुढे नेला. मधल्या, गढूळ अवस्थेतील तो पदार्थ द्रवासारखा वाहत होता आणि त्याचे रेणू स्फटिकातल्यासारखी काहीएक शिस्तही पाळत होते. त्याला द्रव-स्फटिक हे नाव मिळाले. घड्याळांचे, गणकयंत्रांचे आणि संगणकांचे पडदे पुढे याच जातीच्या पदार्थांवर चालू लागले.

१९८० च्या दशकात अमेरिकेत, जेम्स फर्गसन यांच्या आणि ओहायोतील केंट स्टेट विद्यापीठाच्या संशोधनातून, द्रव-स्फटिकाचे मायक्रॉनभर आकाराचे थेंब पॉलिमरच्या पातळ थरात कोंडण्याची युक्ती पुढे आली. हा थर दोन पारदर्शक फिल्मांच्या मध्ये असतो. फिल्मांच्या आतल्या बाजूंना इंडियम-टिन ऑक्साइडचा लेप असतो. तो वीजवाहक असून पारदर्शकही आहे. हे सारे दोन काचांच्या मध्ये चिकटवतात. वीज नसते तेव्हा प्रत्येक थेंबातील रेणू आपापल्या दिशेला तोंड करून असतात. प्रकाश थेंबाथेंबापाशी वळतो, विखुरतो, आणि काच पांढरी दिसते. साठेक व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब दिला की रेणू एका दिशेने उभे राहतात, थेंब आणि पॉलिमर यांचे वक्रीभवनांक जुळतात, आणि प्रकाशाच्या लेखी थेंब नसल्यासारखेच होतात. चौरस मीटरला जेमतेम काही वॅट वीज यासाठी पुरते, परंतु ती सतत पुरवावी लागते.

धूसरपणा ही या काचेची विश्रांतीची अवस्था आहे. ज्या पारदर्शकतेला आपण काचेचा स्वभावधर्म मानतो, ती इथे वीज पुरवून धरून ठेवावी लागते. हे मी पुस्तकात वाचण्याआधी पाहिले.

वडील अतिदक्षता विभागात होते तेव्हा त्यांच्या खोलीला बाहेरच्या मार्गिकेच्या बाजूने अशी काच होती. सकाळ-संध्याकाळ ठरावीक वेळी आम्ही तिच्यापुढे उभे राहायचो. आत अंग पुसणे, कपडे बदलणे, नळी घालणे असे काही सुरू झाले की सिस्टर कळ दाबायच्या आणि वडील पांढऱ्यात विरून जायचे. यात गैर काहीच नव्हते. आजारी माणसाची लाज राखली जाते आहे, हे समजत होते. पडदा ओढला असता तर खोलीत अंधार आला असता. या काचेतून उजेड मात्र तसाच आत जात होता. तरी ती पांढरी झाली की आई बाकावरून उठून उभी राही आणि ती निवळेपर्यंत खाली बसत नसे.

एका दुपारी सगळ्या खोल्यांच्या काचा एकदम पांढऱ्या झाल्या. बाकांवरचे सगळे नातेवाईक एकदम उठले. कोणी ओरडले नाही. पण त्या शांततेत प्रत्येकाने आपापल्या माणसापुरती जी कल्पना केली ती चेहऱ्यांवर दिसत होती. जनरेटर सुरू झाला आणि काचा निवळल्या. आतली यंत्रे बॅटरीवर क्षणभरही न थांबता चालू राहिली होती. काचांना ती सोय नव्हती, इतकेच. देखभालीचा एक तरुण कर्मचारी आईला म्हणाला, “काकू, घाबरू नका. लाइट गेली की ही पांढरीच होते. लाइट असली तरच आरपार दिसतं.” त्याच्या दृष्टीने ही काचेची साधी माहिती होती. आई पुढे कितीतरी दिवस ते वाक्य मधूनच उच्चारत असे.

आपल्याकडच्या जुन्या आडोशांना, म्हणजे चिकाच्या पडद्याला, लाकडी जाळीला, माजघराच्या दारावर टाकलेल्या जुन्या लुगड्याला, कड होती. वारा त्यांना हलवी. आडोशामागच्या माणसाला फटीतून बाहेर पाहता येई, आणि किती पाहायचे हे थोडेफार त्याच्या हाती असे. पडदा लावणाऱ्याची सत्ता त्या कडेपाशी जराशी सैल पडे. आपल्या कथात्म साहित्यातील कितीतरी स्त्रियांनी जग पाहिले ते या सैल जागेतून. कळीच्या काचेला कड नाही. विजेचा दाब कमी-जास्त करून मधल्या छटा आणता येतात. परंतु बहुतेक ठिकाणी कळीला दोनच बाजू असतात, आणि ती एकाच कोणाच्या तरी हाताशी असते. वर्गात निवेदनतंत्र शिकवताना आपण विचारतो की या पात्राला किती दिसते आणि ते कोण ठरवते. या काचेपुढे हाच प्रश्न विचारावा लागतो.

उत्तरे निरनिराळी मिळतात. सिंगापूरच्या बुकित पांजांग भागात १९९९ साली सुरू झालेल्या चालकविरहित हलक्या रेल्वेचा मार्ग उंच निवासी इमारतींच्या अगदी जवळून जातो. घरे जवळ आली की डब्याच्या खिडक्या आपोआप धुरकट होतात आणि इमारत मागे पडली की निवळतात. तेथे कळ गाडीच्याच स्वाधीन आहे. घरातल्या माणसाने काही मागावे लागत नाही आणि प्रवाशाला कोणी विचारत नाही. लोकलच्या दारात उभे राहून रूळांलगतच्या खोल्यांमधील संसार पाहत मोठ्या झालेल्या मुंबईकराला ही व्यवस्था सुसंस्कृत वाटेल, आणि कदाचित किंचित उदासही.

बोइंग ७८७ हे विमान २०११ साली प्रवासी सेवेत आले तेव्हा खिडकीवरची सरकती झडप गेली आणि तिच्या जागी एक बटण आले. येथील तत्त्व वेगळे आहे. द्रव-स्फटिकाची काच प्रकाश विखुरते. ही विद्युतवर्णी काच रंग धारण करून तो शोषते. टंगस्टन ऑक्साइडच्या पातळ थराला विजेने निळा रंग येतो हे एस. के. देब यांनी १९६९ मध्ये मांडले होते, आणि इमारतींच्या अशा काचा त्याच मार्गाने विकसित झाल्या. त्या काही व्होल्टवर चालतात, मिनिटांच्या गतीने गडद होतात आणि वीज काढून घेतली तरी आपला रंग बराच काळ टिकवतात. विमानातील रसायने निराळी, पण अनुभव तसाच, हळूहळू निळ्यात बुडण्याचा. प्रवाशाजवळ बटण असते. परंतु सगळ्या खिडक्या एकदम गडद करण्याची सोय विमानसेवकांकडेही असते. दुपारच्या उन्हात ढग पाहू इच्छिणाऱ्याचे बटण तेव्हा निरुपयोगी ठरू शकते.

आणि टोकियो. शिबुया भागातील दोन उद्यानांत वास्तुकार शिगेरू बान यांनी २०२० मध्ये रंगीत काचेची सार्वजनिक स्वच्छतागृहे उभारली. बाहेरून आरपार दिसतात, म्हणून आत स्वच्छता आहे का आणि कोणी दडलेले नाही ना, हे जाण्यापूर्वीच कळते. आत जाऊन कडी लावली की भिंती धूसर होतात. विम वेंडर्स यांच्या २०२३ च्या ‘परफेक्ट डेज’ या चित्रपटात कोजी याकुशो यांनी साकारलेला सफाई कामगार हीच स्वच्छतागृहे पुसतो. थंडीत द्रव-स्फटिक दाट होतो आणि रेणूंची हालचाल मंदावते. काच धूसर व्हायला वेळ लागतो असे आढळल्यावर २०२२ च्या अखेरीस त्यांतील काही भिंती थंडीपुरत्या कायम धूसर ठेवाव्या लागल्या. तरीही मला या तिन्हींत हीच व्यवस्था अधिक न्याय्य वाटते, कारण जो उघडा पडण्याचा धोका पत्करतो त्याच्याच हातात कडी आहे.

वडील बरे होऊन घरी आले. आम्ही बाहेर किती घाबरलो हे आई त्यांना सांगत होती, तेव्हा ते म्हणाले, “तू काचेला अगदी टेकून उभी राहायचीस तेव्हा तुझी सावली दिसायची. मागे सरकलीस की जायची.” विखुरलेला प्रकाशही जवळच्या वस्तूचा आकार पुसत नाही, तो अंतराबरोबर पुसला जातो. काच पांढरी असताना पलंगाजवळ लावलेली एखादी कळ त्यांच्या हाताला लागत असती, तर त्यांनी ती दाबली असती का, हे मी त्यांना विचारले. ते जरा वेळ थांबले आणि म्हणाले, “कधी दाबली असती, कधी नसती.” रुग्णालयाच्या आराखड्यात या वाक्याला जागा कशी करून द्यावी, हे वास्तुकारांनी ठरवायचे आहे.