मुगुदासाचं लेणं आणि आमचे आबा

नाशिक बघायला येणाऱ्याच्या हातात नाशिकची यादी आधीच तयार असते. रामकुंड, सीतागुंफा, काळाराम, वेळ उरला तर पांडवलेणी, आणि खाली फाळके स्मारक. रिक्षावाल्याला ती तोंडपाठ. ह्या यादीत आपण कुठं बसतो ते बघायला मी नाशिक हिंडलो. मी सूतगिरणीत रिंगखात्यात आहे. तुटलेला धागा जोडणं हे माझं काम. रात्रपाळी सुटली की घरी न जाता सरळ एसटी पकडायची, आणि झोप डोळ्यांवर घेऊनच बघायचं. आपल्या लोकांचं बघणं असंच असतं.

पांडवलेणी हे नाव पांडवांनी ठेवलेलं नाही, आणि लेणी कोरणाऱ्यांनीही नाही. लेखांमध्ये ह्या डोंगराचं नाव तिरण्हु आहे, म्हणजे त्रिरश्मी. चोवीस लेणी आहेत. बहुतेक बौद्ध भिक्खूंना राहायला कोरलेली, अठरावं चैत्य. पायथ्याशी बुद्ध स्मारक आहे. तिथून दोनेकशे पायऱ्या चढलं की कुणीतरी पाव्हण्यांना सांगत असतंच, इथं भीम झोपायचा, इथं द्रौपदी स्वैपाक करायची. नाव बदललं की मालक बदलतो. गावात आपल्या जमिनींचं असंच झालं.

मला ब्राह्मी अक्षरं येतात. शाळेत नाही शिकलो. जुन्या पुस्तकांच्या गाडीवर एक फाटकं पुस्तक मिळालं, त्यातली अक्षरं कोनाच्या पुठ्ठ्यावर गिरवत शिकलो. ह्या लेण्यांचे लेख भगवानलाल इंद्रजींनी वाचले, मग एमिल सेनार ह्या फ्रेंच पंडितानं १९०५-०६ साली छापले. मी त्यांच्या बोटाला धरून वाचतो.

दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात बोलतो. एकोणीसशे वर्षांच्या आसपासची गोष्ट. तो म्हणतो, मी तीन हजार कार्षापण कायमचे ठेवले. कुणाकडे? गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे. लेखात शब्द आहे कोलिकनिकाय. दोन हजार एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक व्याजानं. हजार दुसरीकडे, शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल मोडायची नाही, फक्त व्याज खायचं. मी गिरणीच्या पगारचिठ्ठीच्या मागं हिशेब केला. दोन हजाराचे महिन्याला वीस, वर्षाचे दोनशे चाळीस. वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. बारा विसा दोनशे चाळीस. बरोबर जुळला! दगडातला हिशेब इतक्या वर्षांनी जुळतो, आणि आमचा ओव्हरटाइम महिनाअखेर जुळत नाही.

बघा, तेव्हा राजाचा जावई विणकरांकडे पैसे ठेवत होता. विणकर ही त्या काळातली बँक होती. पण लेखात विणकराचं एकही नाव नाही. नाव जावयाचं, सासऱ्याचं, बायकोचं. ज्यांच्या मागावर चीवराचं कापड निघालं असेल ते फक्त 'निकाय'. आमच्या हजेरीबुकात तरी नंबर असतो.

आणखी एक सांगतो, कारण आपल्याला सोयीचं तेवढंच वाचायचं हा धंदा त्यांचा, आपला नव्हे. हाच उषवदात त्याच भिंतीवर सांगतो की त्यानं तीन लाख गाई दान दिल्या, आणि दरसाल लाख ब्राह्मणांना जेवू घातलं. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री आहे. पोराच्या मागं नातवाच्या राज्यात, पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी, तिनं हे देखणं लेणं भिक्खूंना दिलं. लेखात ती आपल्या पोराचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, गुण गाते. त्यात एक गुण असा, की त्यानं चार वर्णांची सरमिसळ थांबवली. मी ती ओळ तीनदा वाचली. बुद्धाच्या घरात, बुद्धाच्या भिक्खूंना दिलेल्या दारावर, वर्णाची कुंपणं नीट केल्याची फुशारकी. म्हणजे बुद्धाला दान देणारे हातही जातीतून सुटलेले नव्हते. मित्रांनो, आपला सुवर्णकाळ शोधायला इथं येऊ नका. इथं माणसं आहेत, आपल्यासारखी आणि त्यांच्यासारखी.

१९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला, तेरा हजारांवर नाणी. सगळी नहपानाची, पण त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला छाप मारला होता. नीट बघितलं तर खालचा जुना चेहरा अजून दिसतो. ही गोष्ट वाचल्यापासून मी कुठल्याही पाटीखाली दुसरी पाटी शोधतो.

आठव्या लेण्यावर एक छोटा लेख आहे. दासक मुगुदास, त्यानं परिवारासह हे लेणं दिलं. दासकचा अर्थ सेनारनं मासेमारी करणारा असा लावला. ना राजा, ना जावई. मासे धरणारा माणूस डोंगरात लेणं देतो आणि आपलं नाव सांगतो. मी ते मोठ्यानं वाचलं. शेजारी एक कुटुंब उभं होतं. त्यातले गृहस्थ म्हणाले, "वा! प्रोफेसर का तुम्ही?" म्हटलं, "नाही काका, गिरणीत आहे." मग तो प्रश्न आलाच. "आडनाव काय तुमचं?" मी सांगितलं. ते म्हणाले, "अच्छा, म्हणून." आणि पोरांना घेऊन पुढच्या लेण्याकडं गेले. ह्या 'म्हणून' मध्ये किती मजले आहेत ते तुम्हाला सांगायला नको.

दुपारी पंचवटीत उतरलो. काळाराम काळ्या दगडाचं देऊळ, पेशवाईत सरदार ओढेकरांनी बांधलं. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली पंधरा हजारांच्या आसपास माणसं इथं चालत आली. मोर्चा मैलभर लांब. देवळाची दारं बंद. दुसऱ्या दिवसापासून चारी दारांवर सत्याग्रही बसले, पहिल्या तुकडीत सव्वाशे पुरुष आणि पंचवीस बाया. ९ एप्रिलला रामनवमीचा रथ दोघांनी मिळून ओढायचं ठरलं होतं. रथ पळवला गेला आणि आपल्या माणसांवर दगड पडले. दादासाहेब गायकवाडांनी हा लढा वर्षानुवर्षं खांद्यावर घेतला. १९३४ साली बाबासाहेबांनी त्यांना कळवलं की हा मार्ग आता पुरे. मूर्तीची भक्ती मिळावी म्हणून लढा नव्हताच, माणसं जागी व्हावीत म्हणून होता. १३ ऑक्टोबर १९३५ ला ह्याच जिल्ह्यात, येवल्याला, त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही हे जाहीर केलं. येवलं पैठणी विणणाऱ्यांचं गाव. पुन्हा माग, पुन्हा धागा.

त्या पंधरा हजारांत आमचे आबा होते. माझे पणजोबा, बाविशीतले. आजी सांगते, "आरं, त्ये भाकर बांधून गेल्ते. आठ दिसांनी आले तं डोकं फुटलेलं. गावानं पाणी बंद केलं, पिठाची चक्की बंद केली. त्यायला इचारलं तं म्हनायचे, राम नाही पाह्यला, पन आपले लोक लई पाह्यले."

मोर्च्याला पंधरा हजार हा आकडा मिळाला. नावं फार थोड्यांची राहिली. आबा म्हणजे 'निकाय'. एका मासे धरणाऱ्याचं नाव दगडात इतकी शतकं टिकतं, आणि डोकं फोडून घेतलेल्या माणसाचं नाव शंभर वर्षांच्या आत फक्त आजीच्या तोंडात उरतं. तिथंही अडचण. सासऱ्याचं नाव ती घेत नाही!

तिला म्हटलं, "आजी, तुझ्या मागं कोण सांगणार?" ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग तिनं नाव घेतलं, हळू, पदर सावरून. मग त्यांच्याबरोबर गेलेल्या आणखी तिघांची सांगितली. दोघांची पूर्ण, एकाचं नुसतं टोपणनाव. मी वहीत उतरवली. बाकीच्यांची शोधतोय. तुमच्या घरात त्या साली काळारामाला गेलेलं कुणी असेल, तर म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा. नाव, गाव, काम काय करायचे, एवढं लिहून पाठवा. बायांची नावं आधी.