शांततेचा खर्च

कॉम्प्युटरला जास्त मेहनत कशात पडते, आवाज काढण्यात की गप्प बसण्यात? कुणीही म्हणेल, आवाज काढण्यात. पण ऑडिओचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाला विचारा, तो उत्तर द्यायच्या आधी जरा थांबेल.

सध्या मी शनिवार-रविवारी तानपुऱ्याचं एक खेळणं लिहितोय. तारेचं गणित तसं सोपं आहे. एक छोटा बफर घ्यायचा, त्यात थोडा गोंगाट भरायचा आणि तोच गोल गोल फिरवत प्रत्येक फेरीत किंचित कमी करत जायचा. कार्प्लस आणि स्ट्राँग या दोघांनी १९८३ साली ही युक्ती प्रसिद्ध केली, आणि ती खरंच छेडलेल्या तारेसारखी वाजते. परवा मी प्रोसेसरचं एक सेटिंग मुद्दाम बंद करून पाहिलं (कुठलं, ते पुढे येतंच). तारा छेडल्या, मग थांबवल्या. आवाज विरला, खोलीत शांतता. आणि मिनिटाच्या आत सीपीयूचा मीटर चढायला लागला! स्पीकरमधून काहीही येत नसताना.

कारण आपल्याला शांतता वाटते, पण आत शून्य झालेलं नसतं. ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये नेहमीच्या पद्धतीने लिहिता येणारी सर्वात लहान संख्या साधारण १.१८ गुणिले १० चा उणे ३८ वा घात. त्याच्या खाली एकदम शून्य येत नाही. घातांक तळाला टेकतो, आणि मग पुढचे अंक एकेक करून सोडत संख्या आणखी लहान होत जाते, पार १० च्या उणे ४५ व्या घातापर्यंत. या मधल्या पट्ट्यातल्या संख्या म्हणजे डीनॉर्मल.

ऑडिओच्या भाषेत हा पट्टा सुरू होतो सुमारे ७५८ डेसिबल खाली. २४ बिटांच्या ऑडिओची सगळी रेंजच १४४ डेसिबलच्या आसपास असते, तेव्हा हा आवाज ऐकायला कुणी जन्माला यायचा आहे :-) तार ६० डेसिबल खाली यायला ४ सेकंद घेत असेल, तर तिला या पट्ट्यात पोचायला लागतात साधारण ५० सेकंद. परवाच्या मीटरचा हिशोब जुळला.

पोचू दे की, बिघडलं कुठे? बिघडतं असं, की बरेच प्रोसेसर या संख्यांसाठी नेहमीचा वेगवान रस्ता सोडून वेगळ्या, संथ रस्त्याने जातात. काही प्रोसेसरांवर एका गुणाकाराला शंभराहून जास्त सायकल जादा लागतात. पेंटियम ४ तर यासाठी बदनामच होता. आणि रिअल-टाइम ऑडिओत मुहूर्त पक्का असतो: ४४१०० चा रेट आणि १२८ सँपल्सचा बफर असेल तर २.९ मिलिसेकंदांत उत्तर हवं. उशीर झाला की टिक-टिक, खर्र...

वर आणखी एक गंमत. प्रत्येक वेळी ०.९ ने गुणत गेलं तर संख्या शेवटी शून्य होईल असं वाटतं ना? होत नाही. सर्वात लहान एककाचे ४ उरले की ४ गुणिले ०.९ म्हणजे ३.६, ते राउंड होऊन पुन्हा ४! सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा. फिल्टर तिथेच अडकतो आणि प्रत्येक सँपलला तो महागडा गुणाकार करत बसतो.

मग हे लचांड ठेवलं कुणी? विल्यम काहान यांनी, आणि विचारपूर्वक ठेवलं. एकनाथांनी एका पैच्या चुकीसाठी रात्र जागवल्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते; काहान त्याच जातकुळीतले. त्यांचा आग्रह असा, की क्ष आणि य वेगळे असतील तर त्यांची वजाबाकी शून्य येता कामा नये. डेक कंपनीचा याला विरोध होता, हार्डवेअर महाग आणि संथ होईल म्हणून. पण डेकनेच नेमलेल्या जी. डब्ल्यू. स्ट्युअर्ट या तज्ज्ञाने १९८१ मध्ये काहानच्या बाजूने कौल दिला. १९८५ च्या आयट्रिपलई ७५४ या स्टँडर्डमध्ये डीनॉर्मल आले, आणि १९८९ मध्ये काहानना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

ऑडिओवाल्यांनी यातून आपापल्या पळवाटा काढल्या. कुणी सिग्नलमध्ये नगण्य गोंगाट मिसळतं. २००० सालच्या फ्रीव्हर्बमध्ये तर डीनॉर्मल शोधून शून्य करणारा खास मॅक्रो आहे. इंटेलच्या एसएसईमध्ये यासाठी दोन फ्लॅग आहेत: 'फ्लश टू झीरो' आणि 'डीनॉर्मल्स आर झीरो'. मी परवा बंद केले ते हेच.

मग सगळीकडे ते चालू करून मोकळं का होऊ नये? कारण तेव्हा काहानची हमी जाते. "दोन्ही वेगळे असतील तरच वजाबाकीने भाग" असा निरागस कोड अचानक शून्याने भागायला लागतो. त्यातून इन्फिनिटी येते, मग नॅन येतो, आणि नॅन एकदा फीडबॅकमध्ये शिरला की फिल्टर रीसेट केल्याशिवाय निघत नाही. शिवाय हे फ्लॅग थ्रेडचे असतात, फंक्शनचे नाहीत. तुमचं प्लगइन होस्टच्या थ्रेडवर चालतं, म्हणजे तुम्ही पाहुणे. फ्लॅग लावा, पण निघताना होता तसा करून जा. जीसीसीचं उदाहरण घ्या: फास्ट-मॅथ लावून बनवलेली शेअर्ड लायब्ररी नुसती लोड झाली तरी लोड करणाऱ्या थ्रेडचे फ्लॅग बदलायचे, मग बाकीच्या कोडला हवं असो वा नसो. २०२३ च्या जीसीसी १३ मध्ये हे बंद झालं.

म्हणून माझ्या खेळण्यात ऑडिओच्या थ्रेडवर हे फ्लॅग चालू असतात, आणि ट्यूनिंगचं गणित करणाऱ्या थ्रेडवर बंद. पहिल्याला मुहूर्त गाठायचाय, दुसऱ्याला पै जुळवायची आहे. दोघांनाही एकच नियम लावला तर एकाचं काम नक्की बिघडतं.

असो. हल्लीचे बरेच प्लगइन ही काळजी घेतात. पण एखादं जुनं रिव्हर्ब हाताशी असेल तर करून बघा: जोरात काहीतरी वाजवा, थांबा, आणि मिनिटभर मीटरकडे बघत बसा.