भिंतीवरची फुली

पहिल्यांदा हटकलं ते गल्लीतल्या सलूनवाल्यानं. ‘साहेब, पंधरा दिवसांनी आलाय, आणि वस्तऱ्याला काम नाही की!’ मी हसण्यावारी नेलं. वय ४६, सांगलीत सरकारी नोकरी, मुलगी बारावीला. थकवा होता, पण या वयात तो कुणाला नसतो?

खरं जे गेलं होतं, त्याचा मला पत्ताच नव्हता. पाय मुरगळला की ठणकतो. इच्छा गेली की काहीच दुखत नाही. पाठ टेकली की झोप. आम्हा नवराबायकोत वर्षभर काही घडलं नव्हतं, आणि त्याची टोचणी मला नव्हती, हिला होती. एका रात्री ताटं उचलताना तिनं विचारलं, ‘अहो, दुसरं कुणी आहे का?’ मला हसू आलं. मग तिचा चेहरा पाहिला आणि पोटात गोळा आला.

एसटी स्टँडजवळच्या एका दवाखान्यात गेलो. दोन मिनिटांत निकाल लागला: ‘पॉवर कमी झालीय.’ सिल्डेनाफिलच्या गोळ्या मिळाल्या. ही गोळी रक्तप्रवाहाला मदत करते, पण मुळात मन हलायला हवं, आणि माझं मन जागचं हलत नव्हतं. जमत नाही अशी माझी तक्रार नव्हतीच, वाटतच नव्हतं. टायफॉइडनंतर ‘अन्नावरची वासना उडालीय’ हे मी भेटेल त्याला सांगत होतो. तोच शब्द दुसऱ्या अर्थानं डॉक्टरांपुढे मात्र उच्चारता येईना. र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून या विषयावर मराठीत उघडपणे लिहिलं, आणि मला एक वाक्य जमत नव्हतं.

उलगडा झाला डोळ्यांमुळे. बाजूनं येणाऱ्या गाड्या एकदम समोर उगवायच्या, दाराच्या चौकटी खांद्याला लागायच्या. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून गेलो, तर डॉक्टरांना दोन्ही डोळ्यांची बाहेरची बाजू अधू आढळली. एमआरआयमध्ये पिट्युटरी ग्रंथीवर सव्वादोन सेंटिमीटरची गाठ दिसली. ती तिच्या वरून जाणाऱ्या दृष्टीच्या नसा दाबत होती. कर्करोग नव्हता. पुण्यात नाकातून दुर्बीण घालून ती काढली, आणि नजर बरीचशी परतली.

पिट्युटरी हार्मोनचा कारभार पाहते, म्हणून मग हार्मोनच्या डॉक्टरीणबाईंकडे. सकाळी आठला उपाशीपोटी रक्त दिलं, कारण टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन सकाळी सर्वांत जास्त असतं. एकाच रिपोर्टवर विसंबायचं नाही, म्हणून आठवड्यानं पुन्हा दिलं. साधारण ३०० च्या वर हवं, माझं दोन्ही वेळा शंभराच्या आत. वृषणांना काम सांगणारं एलएच हार्मोनही कमी. हयात कचेरीत गेल्यामुळे मला लगेच उमगलं: मुख्यालयातून पत्रच निघत नव्हतं, तालुक्याचा कारकून काय करणार?

आधी कॉर्टिसोल आणि थायरॉइडच्या गोळ्या बसवल्या, मग टेस्टोस्टेरॉन. बाईंनी हिला शेजारी बसवून विचारलं, ‘आणखी मूल हवंय का? बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की शुक्राणू तयार होणं मंदावतं, थांबतंही.’ ही लाजली, पण उत्तर तिनंच दिलं. प्रोस्टेटची पीएसए तपासणी झाली. रक्त दाट होतंय का ते पाहत राहायचं, हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांवर गेलं तर इंजेक्शन थांबवायचं, हेही कळलं. ‘कुणा मित्राला उमेद हवी म्हणून हे सुचवू नका,’ बाईंनी बजावलं. ‘तुमच्यात कमी आहे, म्हणून देतेय.’

दर तीन आठवड्यांनी कुल्ल्यात २५० मिलिग्रॅमचं तेलकट इंजेक्शन. पहिला महिना कोरडा गेला. दुसऱ्या महिन्यात एका लग्नाला निघालो होतो. ही आरशापुढे गजरा माळत होती. तिच्या मानेवरच्या बटेकडे माझं लक्ष गेलं आणि तिथंच रेंगाळलं. तिनं आरशातूनच ओळखलं. लग्नाला उशीर झाला.

पण ही भरती-ओहोटी निघाली. पहिला आठवडा जोमाचा, तिसरा ढेपाळलेला नि चिडका. तारीख चुकू नये म्हणून ही कालनिर्णयवर फुली मारायची, दुधाच्या खाड्याशेजारी. मुलीनं विचारलं, ‘ही फुली कसली?’ ‘बाबांचं इंजेक्शन,’ हिनं शांतपणे सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात मी वसकन ओरडलो की म्हणायची, ‘फुली जवळ आली वाटतं.’

त्या फुल्यांनीच माझ्या डोक्यात किडा सोडला. ही ओढ माझी, की त्या कुपीतली? एका रात्री हिला विचारलंच. ती म्हणाली, ‘टायफॉइडनंतर औषध घेतलंत, मग भूक लागली. ती भूक कुणाची, असं विचारलं होतंत? पोळ्या तर तेव्हाही माझ्याच खाल्ल्यात.’

पुढे दर बारा आठवड्यांनी १००० मिलिग्रॅमचं इंजेक्शन सुरू झालं. लाटा शमल्या, फुल्या वर्षाला चार-पाचवर आल्या. गेलेलं वर्ष काही परत आलं नाही. तिचा तो प्रश्न अजून अधूनमधून आठवतो आणि खजील करतो. मात्र दोन रात्री मी लवकर झोपलो, तर पूर्वी ती माझ्याकडे संशयानं बघायची. आता आधी भिंतीकडे बघते.